माझं नाव ‘जुनी_नको’

मित्रांनो, मला रंग नाही, वास नाही, हातात घेऊन झटकावं असं अंगही नाही. तरीही मी एक जुनी फाईल आहे. पुठ्ठ्याची नव्हे, कॉम्प्युटरातली. मेल वाचायच्या प्रोग्रामचं सगळं टपाल ज्या एका फाईलमध्ये साठतं, ती मी. प्रोग्राम सगळ्यांना माहीत असतो, मी कुणालाच माहीत नसते. माझी आठवण दोनच वेळा होते. मी फुगले की, आणि मी सापडेनाशी झाले की. माझ्या वाट्याला दोन्ही आलं, तेही एकाच महिन्यात.

कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात बारा वर्षांपूर्वी माझा जन्म झाला. दोनच खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, कॉम्प्युटर आणि नवा पाय लावून स्वतःला बघायचा उंच आरसा. मागच्या खोलीत प्लास्टरची धूळ, भट्टी आणि भिंतीवर ओळीने टांगलेले पाय. कारागिराला सगळे पायवाले काका म्हणतात. मेल त्यांची धाकटी बहीण बघते. तिला सगळे ताई म्हणतात, काकासुद्धा.

पहिली वर्षं चांगली गेली. ताईंनी काही शोधलं की मी डोळ्याचं पातं लवायच्या आत पुढे करायचे. "काय भराभर चालतंय हे!" असं ताई म्हणायच्या. कौतुक प्रोग्रामचं व्हायचं. असो.

मग काकांची खोड सुरू झाली. गिऱ्हाइकाच्या गुडघ्याखाली उरलेल्या पायाचं माप एक मापकेंद्र यंत्राने घ्यायचं आणि काकांना मेलने पाठवायचं. एकेक माप वीस एमबीचं. काका ते स्वतःलाच पुन्हा पाठवायचे. एकदा नाही, तीनदा. ताई ओरडायच्या, "दादा, आलंय ना एकदा? कशाला परत परत?" काका म्हणायचे, "राहू दे गं. जपून राहतं." अहो, कसलं जपून! मूळ एक, पाठवलेल्यात तीन, आलेल्यात तीन. एका मापाची सात मापं, आणि सातही माझ्या पोटात. मित्रांनो, ही काळजी नव्हे, हा छळ होता.

या सगळ्या मापांत एक माप वेगळं होतं. शिंपीणबाईंचं. कृत्रिम पायाच्या ज्या भागात उरलेला पाय बसतो, त्याला काका वाटी म्हणतात. बाईंना ती वाटी बसेना. कधी घासायची, कधी रुतायची, जखम भरली की पुन्हा नवं माप. आठ महिन्यांत अकरा मापं झाली. त्या काळात त्यांचं शिलाई मशीन झाकूनच होतं. अकराव्या वाटीत पाय घातला आणि त्या आरशासमोर नुसत्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "काका, दुखत नाही हो." त्यानंतर चार वर्षं त्या मशीनवर पाय मारत राहिल्या. त्या वाटीचा प्लास्टरचा साचा पुढे फुटला, मापकेंद्रही बंद पडलं. अकरावं माप जगात फक्त माझ्याकडे उरलं. हे मला माहीत होतं. बाकी कुणाच्या गावीही नव्हतं.

मग एका सकाळी पडद्यावर पाटी आली, ‘फाईल भरली आहे, नवीन मेल घेता येत नाही.’ पन्नास जीबी! ताईंनी दोन दिवस बसून जाहिराती मिटवल्या, शुभेच्छा मिटवल्या. मी तेवढीच लठ्ठ. का? मिटवलेल्याची जागा माझ्यात तशीच रिकामी पडून राहते. ती आवळायला वेगळी आज्ञा द्यावी लागते, तिला कॉम्पॅक्ट म्हणतात. बारा वर्षांत ती एकदाही कुणी दिली नव्हती.

मग संगणकवाला आला. एका कानाला फोन, एका हातात माऊस. म्हणाला, "फाईल गंडलीय." मी गंडले नव्हते हो, मी भरले होते! त्याने प्रोग्राम बंद केला, माझं नाव बदलून ‘जुनी_नको’ केलं आणि प्रोग्राम पुन्हा चालू केला. जुन्या नावाने मी सापडले नाही, म्हणून प्रोग्रामने कोरी फाईल बनवली आणि तिला माझं नाव दिलं.

"बघा, कसं पळतंय!"

"आणि जुने मेल?" ताईंनी विचारलं.

"आहेत ना, बाजूला ठेवलेत. उद्या येऊन जोडून देतो."

तो उद्या अजून उगवायचा आहे.

तीन आठवड्यांनी शिंपीणबाई आल्या. वाटीला उभा तडा गेला होता. तडकलेली वाटी फाकते, तिच्यावरून माप घेता येत नाही. काका म्हणाले, "अहो, काळजी कसली? तुमचं अकरावं माप आहे मेलमध्ये."

ताईंनी शोधलं. काही नाही. पुन्हा शोधलं. काही नाही. त्या कोऱ्या फाईलमध्ये काय सापडणार, डोंबल? मी त्याच फोल्डरमध्ये, तिच्या शेजारीच होते. मला तोंड असतं तर भिंतीवरचे पाय खाली पडतील एवढ्याने ओरडले असते.

"तूच मिटवलं असशील," काका म्हणाले.

"मी जाहिराती मिटवल्या दादा, पाय नाही!"

संगणकवाल्याला फोन लावला. "फाईल असेल ना तिथेच," तो म्हणाला.

"तिथेच म्हणजे कुठे?"

"जिथे असते तिथे. गाडी चालवतोय, नंतर बोलतो."

काकांचा आवाज खाली आला. "बाई, नव्याने माप घेऊ या."

"परत अकरा वेळा?" शिंपीणबाईंनी विचारलं.

एवढ्यात डबा द्यायला ताईंचा नवरा आला. आवराआवरीचा त्याला भारी सोस. "डिस्क भरली असेल, म्हणून सापडत नाही. सरका," म्हणून तो बसला. सगळ्यात मोठी फाईल कोणती? मी. "हे बघा, नावातच नको लिहिलंय," म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

पडद्यावर प्रश्न आला, ‘ही फाईल कचरापेटीत मावत नाही. कायमची पुसायची का?’ त्याचा बाण ‘हो’वर गेला.

"थांबा!" शिंपीणबाई म्हणाल्या. "नको? कुणाला नको?"

"तसं लिहिलंय इथे."

"लिहिलं कुणी?"

"त्या संगणकवाल्याने," ताई पुटपुटल्या.

"मग त्याला नको असेल. माझ्या दुकानात चिंध्यांचं गाठोडंसुद्धा मी आधी सोडून बघते. कचरापेटीत मावत नाही एवढं आहे, तर आत काहीतरी असणारच. उघडा, मग पुसा."

ताईंनी नवऱ्याला उठवलं. "अहो, तुम्ही डबा ठेवा आणि निघा बघू." मग प्रोग्राममधून मला उघडलं. मी खराब झालेय, दुरुस्ती करा, असं प्रोग्राम म्हणाला. भरून भरून मी थोडी गंडलेही होते म्हणा. दुरुस्ती तीन तास चालली. बाई जागच्या हलल्या नाहीत. शेवटी अकरावं माप सापडलं. मूळ उघडेना. दुसरी, तिसरी, चौथी प्रत उघडेना. पाचवी उघडली.

काका एवढंच म्हणाले, "तरी मी सांगत होतो." त्यांच्या खोडीनेच मी फुगले आणि त्यांच्या खोडीनेच ते माप वाचलं. हे कबूल करणं माझ्या जिवावर येतं, पण खोटं कशाला बोलू?

नवी वाटी तयार झाली. परवा बाई आरशासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दुखत नाही." सगळे हसले, चहा झाला, कॉम्प्युटर बंद झाला.

मित्रांनो, माझी प्रत अजून कुणी काढलेली नाही. कॉम्पॅक्टची आज्ञा अजून कुणी दिलेली नाही. आणि माझं नाव अजूनही ‘जुनी_नको’च आहे. ते बदलायला पाच सेकंद लागतात. एका बाईचं चालणं माझ्या पोटात आहे, माझ्या कपाळावर ‘नको’ आहे, आणि ताईंचा नवरा उद्या पुन्हा डबा घेऊन येणार आहे.