मेट्रनबाईंच्या बाळावर थुंकल्याचा खटला

आमच्या गॉबनेटनं जमीनदाराची कोंबडी चोरली म्हणून तिला सात वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कोंबडी खाल्ली घरच्या सहा जणांनी, रस्सा पुरवून पुरवून, आणि समुद्र ओलांडला हिनं एकटीनं. माझं प्रकरण जरा खानदानी होतं. मी मालकिणीचा रेशमी परकर पळवला आणि तो अंगावर असतानाच सापडले.

न्यू साउथ वेल्समध्ये आम्हा कैदी बायकांना फॅक्टरीत ठेवलं होतं. दिवसभर लोकर कातायची आणि मेट्रनबाईंची बोलणी खायची. सुटायचा सरळ मार्ग एकच, लग्न. दर सोमवारी पुरुष बायको निवडायला यायचे आणि आम्हांला बाजारातल्या गाईंसारखं रांगेत उभं करायचे. गॉबनेटसाठी मात्र ठरलेला माणूस येणार होता. डोनखा, तिच्या गावच्या नदीपलीकडचा, शिक्षा भोगून मोकळा झालेला. पण शिक्षा म्हणून जिचं डोकं भादरलं, तिला सहा महिने रांगेत जागा नाही. आणि डोनखा तर त्याच आठवड्यात मेंढ्या घेऊन डोंगरापलीकडे जाणार होता, कायमचा.

आणि शुक्रवारी ही बया मेट्रनबाईंच्या बाळावर थुंकली.

आम्हा आयरिश लोकांत गोड मूल दिसलं की "देव राखो" म्हणून हलकेच थुंकतात, दृष्ट लागू नये म्हणून. नुसतंच कौतुक केलं तर मूल हातचं जातं म्हणे. गॉबनेट त्या बाळाला, एडविनला, सांभाळायची. फार जीव होता तिचा त्याच्यावर. त्याला पहिला दात आला, तो हिच्याकडे बघून हसला आणि हिनं थू केलं. नेमक्या दारात मेट्रनबाई. त्या पडल्या इंग्रज. इंग्रजांना थुंकीचा एकच अर्थ कळतो.

शनिवारी मॅजिस्ट्रेटसाहेबापुढे उभं केलं. गॉबनेटला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, म्हणून दुभाषी मी. शब्दाला शब्द सांगेन अशी बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. बायबल प्रॉटेस्टंटांचं होतं, आम्ही कॅथलिक. म्हटलं, खोटं बोलले तरी अर्धंच पाप लागेल.

मी थुंकण्याचं कारण सांगितलं, तसा साहेब हसला.

"थुंकून कौतुक? बरं. मग बाळ सुंदर आहे, एवढंच तिला न थुंकता म्हणू दे. तिचे केस राहतील."

मी गॉबनेटला कोपरानं ढोसलं. "ऐकलंस? बाळ गोड आहे म्हण, की सुटलीस."

"आणि त्याला काही झालं तर?"

"मेले, परवा डोनखा येतोय!"

"ठाऊक आहे मला. पण नाही म्हणणार."

तिनं बाळाकडे पाहिलं. डोळे भरून आले होते. मग खणखणीत आवाजात म्हणाली, "शी! काय हे ध्यान! सडका बटाटा बरा! असलं कुरूप कार्टं मी जन्मात पाहिलं नाही!"

एडविन तिचा आवाज ऐकून खिदळला.

"काय म्हणते?" साहेबानं विचारलं.

इतका राग आला होता मला तिचा, की तिथेच एक थोबाडीत द्यावीशी वाटली. मी म्हटलं, "म्हणते, बाळ फार सुंदर आहे, साहेब. असं देखणं मूल अख्ख्या वसाहतीत नाही."

"शाबास! केस राहू द्या."

मेट्रनबाईसुद्धा खूश झाल्या. खेळ खलास. मी मुकाट्यानं घरी, म्हणजे कोठडीत, जायचं होतं. दृष्टबिष्ट मी मानत नाही, कधी मानली नाही. पण गॉबनेटनं शिव्या देऊन ज्याला वाचवलं, त्याचं कौतुक माझ्या तोंडून झालं होतं, तेही भर कचेरीत. ते कार्टं माझ्याकडे बघत होतं, तो एकुलता एक दात दाखवत. मी जीभ चावली. नखं तळव्यात रुतवली.

मग पुढे झाले आणि त्याच्या कपाळावर थुंकले.

सोमवारी गॉबनेट डोनखाचा हात धरून फाटकाबाहेर गेली. मी वरच्या खिडकीतून पाहिलं, भादरल्या डोक्यावरच्या माशा हाकलत. थोडी रडलेही, खोटं कशाला बोलू? एडविनला त्या हिवाळ्यात साधी शिंकसुद्धा आली नाही. मेट्रनबाई म्हणायच्या, इथली हवाच चांगली.