आलुबुखाराचा रस आणि माझं काळेपण

मित्रांनो, चीनमधल्या फोशान शहरात, एका घराच्या तिसऱ्या मजल्यावर, चुलीशेजारच्या खिळ्याला टांगलेली मी एक जुनी लोखंडी कढई आहे. लोहाराने मला हातोडीने ठोकून घडवलं, एवढं पक्कं आठवतं. बाकी सगळा गोंधळच.

साउ-लान लग्न होऊन आली, ती मला घेऊनच. पहिल्याच दिवशी तिने मला लालबुंद तापवलं, डुकराची चरबी पाजली आणि लसणीच्या हिरव्या पातीने घासलं. आमच्याकडे याला कढई पोसणं म्हणतात. साबण कधी लावायचा नाही. पोसता पोसता मी कुळकुळीत काळी झाले. शेजारणी वाकून बघायच्या, तेव्हा मला कोण अभिमान वाटायचा.

पण उन्हाळ्यात आलुबुखार आले की माझी पंचाईत. फळं चिरून टाकायची, वर आलं, खडीसाखर, चमचाभर व्हिनेगर. दोन मिनिटांत रस दाटला की परतलेलं मांस त्यात घोळवायचं. त्या आंबटाने माझं काळं सुटायचं आणि रसाला लोखंडाची चव लागायची. साउ-लान दरवेळी पुटपुटायची, "पुढच्या वेळी मातीच्या भांड्यातच करते बाई." आणि पुढच्या वेळी पुन्हा मीच! असं का, ते मला कधी कळलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ती वारली. तिचा नवरा क्वोक-हिंग जेवेनासा झाला. दोन घास खाल्ले की जेवायच्या काड्या वाडग्यावर आडव्या. लेक वाय-फोंग त्याच्यापाशी राहायला आली. तिचा जन्म कारखान्याच्या खानावळीत जेवण्यात गेलेला. तिला माझं काळं म्हणजे मळ वाटला. तारेची घासणी, वर साबण. चाळीस वर्षांचं पोसणं मोरीत वाहून गेलं आणि दोन दिवसांत मी गंजले. तिने मला कपाटाच्या तळाशी सारलं; दाराच्या फटीतून तेवढं घर दिसायचं.

उन्हाळा आला, तसा तिने नव्या गुळगुळीत तव्यात आईसारखा आलुबुखाराचा रस केला. रंग सुरेख, लोखंडाचा मागमूस नाही. म्हातारा म्हणाला, "चांगलं झालंय गं," आणि काड्या ठेवल्या. तीनदा असंच. मी चक्रावले. माझी खोट गेली, मग हा जेवत का नाही?

"बाबा, खरं सांगा, काय कमी पडतंय?"

त्याने चुलीशेजारच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "कढई कुठाय?"

तिने मला बाहेर काढलं. "काळी दिसली, म्हणून घासली हो."

"ते काळं तुझ्या आईने चढवलं होतं, पोरी."

तिने मान खाली घातली. जन्मात चुलीपुढे उभा न राहिलेला तो माणूस आठ दिवस मला चरबी आणि पात चोळत होता. नवव्या दिवशी वाय-फोंगने माझ्यात आलुबुखार टाकले. मला धडकी भरली, कारण काळं सुटत होतं.

त्याने चव घेतली आणि रिकामा वाडगा पुन्हा भातासाठी पुढे केला.

"लोखंड लागतंय का, बाबा?"

"लागतंय. तुझी आई मातीच्या भांड्यात करते म्हणायची. मीच करू दिलं नाही तिला."

जेवणानंतर त्याने मला नुसत्या गरम पाण्याने धुतलं, आचेवर सुकवलं, तेलाचं बोट फिरवलं. चाळीस वर्षं जिची लाज वाटली, तीच चव त्याला हवी होती, हे माझ्या डोक्यात अजून नीट शिरत नाही. मित्रांनो, तुम्ही मात्र एवढं करा. घरातलं काळं भांडं घासायला घेण्याआधी, ते काळं कोणी चढवलं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.