ट्रॅक्टरवरची जागा

नवऱ्याच्या क्रुसावरची धूळ रुमालाने पुसता पुसता पालागियाने ठरवून टाकलं, आता बस झालं. निळ्याशार लाकडावर कोरलेला गाव्रिला मिशीला पीळ देऊन लाल ट्रॅक्टरवर ऐटीत बसला होता. खालच्या ओळींत तो स्वतःच सांगत होता, की जन्मभर मी गावाची जमीन नांगरली, आता जमिनीनेच मला पोटात घेतलं. शहरातले पाहुणे हसत हसत त्याचे फोटो काढत. लोक या दफनभूमीत हसायलाच तर येत. इथे मेलेला माणूस क्रुसावरून आपली फजिती आपणच सांगतो, आणि खरी सांगतो. गाव्रिला तेवढा खोटं बोलत होता. ट्रॅक्टरचं स्टिअरिंग त्याने जन्मात हातात धरलं नव्हतं.

तिथून ती तडक टोडेरकडे गेली. गावाचे क्रूस तो कोरायचा. त्याच्याआधी त्याचा बाप कोरायचा.

"टोडेर, माझ्या क्रुसावर मला ट्रॅक्टरवर बसव."

"तब्येत बरी आहे ना, काकू?"

"ठणठणीत! म्हणून तर आत्ता आले. मेल्यावर कुठं सांगत बसू?"

टोडेर हसला. "तुम्हाला मागावर बसवीन की. घोंगडं विणताना."

"माग माझ्या जावेला दे. मला धड पायपुसणं विणता येत नाही."

"पण ट्रॅक्टरवर काका आहेत. आणि जिवंत माणसाचं ऐकून आम्ही कोरत नाही. मयताच्या घरी गाव जमतं, दारूचे पेले फिरतात, तोंडं सुटतात. तेव्हा गाव जे बोलेल ते खरं. काकांच्या वेळी ट्रॅक्टरचं कोण बोललं होतं, आठवतंय?"

पालागियाला आठवत होतं. बोलली होती तीच. गाव्रिला प्यायचा. वाईट नव्हता बिचारा, गोड गायचा, हात कधी उगारला नाही, पण प्यायचा. आता याच्या क्रुसावर बाटली येणार आणि नातवंडंसुद्धा ती बघणार, हे तिला तेव्हा नको होतं. म्हणून दुसरं कोणी तोंड उघडायच्या आत तिने आपला ट्रॅक्टर नवऱ्याला देऊन टाकला.

"तेव्हा दिला," ती म्हणाली. "आता मला हवाय. आणि त्याचा काढूनही घ्यायचा नाही."

"दोन्ही कसं जमणार?"

"ते तू बघ. गाव बोलायला हवं ना? बोलायला लावते."

मुलगा इटलीला जाताना ट्रॅक्टरच्या खोपटाला कुलूप घालून गेला होता. आईचे गुडघे गेलेत, असं त्याचं म्हणणं. पालागियाने कुलूप कुऱ्हाडीने तोडलं. इंजिन ऐकेना, तर ती त्याला शिव्या देत, तेल पाजत, आठवडाभर त्याच्याशी झटली. रविवारी सकाळी डोक्याला फुलाफुलांचा रुमाल घट्ट बांधून तिने ट्रॅक्टर बाहेर काढला. टोडेरचा एक ओकचा ओंडका रानात कधीचा अडकून पडला होता. तो साखळीने मागे बांधला, आणि चर्च सुटायच्या वेळेला ती भर गावातून धडधडत निघाली. कोंबड्या उडाल्या, पाद्रीबुवा कुंपणाला चिकटले.

चर्चच्या दारात म्हातारी इलिशका काठी उगारून ओरडली, "चढलीस एकदाची! किती वर्षं वाट बघायची गं आम्ही?"

"म्हणजे? तुम्हाला ठाऊक होतं?"

"ऐका! आमची शेतं कोणी नांगरली ते आम्हाला ठाऊक नसेल? तुझा गाव्रिला मडगार्डवर बसून गाणी म्हणायचा. पण मयताच्या दिवशी तू अशी काही बोललीस, की कोणाची जीभ रेटली नाही."

टोडेर पुढे आला. "बाबांनाही ठाऊक होतं, काकू. म्हणाले, बाई एवढ्या मायेनं देतेय, तर देऊ दे."

एवढी वर्षं आपण गावाला फसवलं असं तिला वाटत होतं. गावानेच तिला सांभाळून घेतलं होतं. तिला रडू फुटलं, आणि इंजिन चालू होतं तोवर ती खुशाल रडली.

हिवाळ्याआधी टोडेरने तिच्या क्रुसाची फळी कोरून तिला दाखवली. स्टिअरिंगवर पालागिया, रुमाल वाऱ्यावर. मडगार्डवर गाव्रिला, गाण्यासाठी तोंड उघडं, हातात बाटली.

"बाटली कशाला रे?"

"गाव बोललं, काकू."

तिने बाटलीवरून बोट फिरवलं.

"खरं ते खरं. राहू दे," ती म्हणाली. "पण बाटलीला बूच कोर. मी ट्रॅक्टर चालवत असताना तो कधी प्यायला नाही. पडायला घाबरायचा. तेवढाच वेळ तो माझा होता."