पोस्टाचा शिक्का

चिकट्याचं पाकीट आलं की शिक्केवाल्या बाईंच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "आला कचरा!" म्हणत त्या धाकट्या बहिणीकडे कात्री मागायच्या. पाकिटावर मासिकातले कापलेले डोळे, बसची फाटकी तिकिटं, वर डिंकाचे ओघळ. आणि म्हणे हाताने घडवलेली कला! बालवाडीतल्या पोरांनी याहून बरं चिकटवलं असतं.

चिकट्या म्हणजे कलाशाळेपासूनचा सोबती. रबरी शिक्के कोरायचं दुकान दोघांनी मिळून काढलं होतं. पण एका प्रदर्शनात बाईंनी त्याला चारचौघांत सुनावलं, "तुझ्या हाताला वळण नाही. जन्मात कोरता यायचं नाही तुला." तो गेला तो गेलाच. वर्ष लोटल्यावर ही पाकिटं यायला लागली, महिन्याला एक. बाईंनी एकाचंही उत्तर दिलं नाही.

पाकिटावरचा एकच भाग बाईंना पसंत होता, पोस्टाचा शिक्का. गोल, नेटका, कड कशी एका दमात कापलेली. तेवढा गोल कापून त्या भिंतीवर लावायच्या, बाकीचं पाकीट टोपलीत. शिकायला येणाऱ्या मुलींना सांगायच्या, "हा ठसा बघा. आणि वाचत बसू नका गं, अक्षरांत शिरलं की रेघ दिसत नाही."

असे नऊ गोल झाले. तोवर बाईंचा स्वतःचा हात कोरताना थरथरायला लागला होता. शाळांचे, दवाखान्यांचे शिक्के वेळेवर होईनात. जोडीला कारागीर मिळाला नाही तर दुकानाला टाळं, हे बहिणीने तोंडावर सांगितलं. तेव्हा बाई नववा गोल पर्समध्ये घालून पोस्टात गेल्या.

"तुमचे शिक्के कोण कोरून देतं हो? मला तो माणूस हवाय."

कारकुनाने गोल उलटसुलट केला. "बाई, हा आमचा नाही. आम्ही मशीनची पट्टी चिकटवतो. आमच्या शिक्क्याची शाई कधीच वाळली." मग चष्मा वर सरकवून त्याने रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "यावर तर लिहिलंय, 'आता आलं का वळण?'"

बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. गेले नऊ महिने त्या चिकट्याचीच आरती ओवाळत होत्या, तीही मुलींसमोर!

घरी येऊन त्यांनी भिंतीवरचे आठही गोल वाचले. आठांवरही तोच प्रश्न. काढून फेकावेत म्हणून हात वर गेला, पण एवढं चांगलं काम फेकायला त्यांचा जीव होईना.

मग त्यांनी रबराचा तुकडा घेतला आणि एकच अक्षर कोरलं, 'ये'. हात दोनदा घसरला. मात्रा वाकडी झाली, कड कुरतडल्यासारखी दिसत होती.

बहीण म्हणाली, "ताई, दुसरा करतेस का?"

"नको. असाच जाऊ दे," बाई पाकिटावर ठसा दाबत म्हणाल्या. "हसू दे मेल्याला."