‘ग्लास वेदर’ला दहापैकी किती?

सुरतेत ‘द नॉर्थ विंडोज’ या इंग्रजी बँडचे दर्दी एकूण पाच. त्यातले दोघे बमरोलीत कापडाचे लूम चालवतात, हे उरलेल्या तिघांना १९९५ साल उजाडेपर्यंत ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्यांनी बहुधा दुसरा बँड शोधला असता.

त्या दोघांतला एक मी, कुंदन. दुसरा माझा दोस्त पंडित. आमची दोघांची इंग्रजी सातवीपर्यंतची, म्हणजे गाण्यातला ‘यू’ आणि ‘आय’ एवढे दोन शब्द पक्के कळायचे. बाकीचं आम्ही मनानं भरून काढायचो, आणि मला वाटतं आम्ही त्या गोऱ्यांपेक्षा बरंच भरत होतो.

‘ग्लास वेदर’ ही त्यांची चौऱ्याऐंशी सालची कॅसेट. सगळी गाणी सिंथेसायझरवरची. म्हणजे तबला नाही, पेटी नाही, माणूसही असून नसल्यासारखा, आणि यंत्रच गळा काढून रडतंय असं वाटायचं. दिवसाचे बारा तास यंत्रापुढे उभं राहणाऱ्याला हे प्रकरण एकदम पटतं. आमचीही यंत्रं रडायची, फक्त त्यांची कॅसेट कुणी काढत नव्हतं.

ती कॅसेट मला शहाऐंशी साली एका दिवसासाठी उसनी मिळाली होती. कॉपी करायला दोन डेकचं मशीन आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलं नव्हतं. मग दोन टेपरेकॉर्डर आणले, समोरासमोर ठेवले, एकात गाणं लावलं आणि दुसऱ्याचं लाल बटण दाबलं. लूमच्या खात्याच्या, म्हणजे कारखान्याच्या, वरच्या खोलीत आम्ही राहायचो. वीज गेलेली होती, म्हणून खाली शांतता होती आणि टेपरेकॉर्डर सेलवर चालत होते. आईला बोलायची बंदी, आणि वडील पाळीवर. एवढा बंदोबस्त लग्नातही नसतो.

ती कॉपी पुढे नऊ वर्षं आम्ही ऐकली. दर आठवड्याला बमरोलीत विजेची सुट्टी असते, त्या दिवशी मी आणि पंडित बसायचो आणि प्रत्येक गाण्याला दहापैकी मार्क द्यायचो. मार्क कधी बदलले नाहीत. आम्ही विचार करणारी माणसं होतो, आणि विचार एकदाच करायचा असतो. पहिल्या गाण्याला सात, दुसऱ्याला सहा. तिसऱ्याला दहा, कायम दहा, कारण तिसऱ्याच्या मधोमध लूम सुरू व्हायचा आणि मग शेवटपर्यंत चालायचा.

खरंच. सूर चाललेत, आणि अचानक खटाक-खट, खटाक-खट. ठेका असा बसायचा की पंडितचा पाय आपोआप हलायचा. कॅसेटच्या झेरॉक्स काढलेल्या कव्हरवर विटांची उंच चिमणी होती. पिक्चर बघून आल्यावर त्यातली गोष्ट दोन तास समजावून सांगणारी जी माणसं असतात, त्यातला मी. मी ठरवून टाकलं, की ही पोरं इंग्लंडातल्या गिरणी-गावातली, बापानं लूम चालवला म्हणून यांनी तो गाण्यात घातला.

पंडितला तर भरून आलं. तो म्हणाला, “कुंदन, इंग्लंडमा बी बमरोली शे रे!”

आता आमच्या घरातली खरी गोष्ट. माझे वडील बन्सीलाल धुळ्याकडून आले आणि वीस वर्षं चार-चार लूम सांभाळले. चाळिशीत त्यांचे कान गेले. आता ते भिंतीला टेकून बसतात आणि कुणाचे ओठ हलले की हसतात, मग शिव्या असोत की आरती. आई, म्हणजे मंगलाबाई, लूम सोड म्हणून माझ्या मागेच लागली होती.

“तुना बापना कान ग्यात,” ती म्हणायची. “तुना जातीन तधय रडशी का? निंघ तठून आते!”

माझा हिशोब साधा होता. मी सत्तावीस वर्षांचा. बापाचे चाळिशीत गेले, म्हणजे माझ्याकडे तेरा वर्षं शिल्लक. तरी मलाही निघायचं होतंच. कान जाण्याची मला मरणापेक्षा जास्त भीती वाटायची, कारण मेल्यावर निदान गाणी आठवत तरी नाहीत.

आणि संधी आली. चौटा बाजारात भाईदास यांचं कॅसेटचं दुकान होतं. त्यांनी इंग्रजी कॅसेटचा वेगळा काउंटर काढला आणि त्यावर माणूस हवा होता. गिऱ्हाईक ‘टेपमध्ये खरखर आहे’ म्हणून कॅसेट परत आणायचं, ती ऐकून खरं-खोटं सांगायचं, एवढंच काम. बसायला खुर्ची, वर पंखा. मी जाऊन उभा राहिलो आणि ‘ग्लास वेदर’चं नाव घेतलं, तशी भाईदासकाकांची भुवई वर गेली.

“लेस्टरथी ओरिजिनल आवी छे,” ते म्हणाले, म्हणजे इंग्लंडातून अस्सल कॅसेट आली होती. “मंगळवारी दुपारी आम्ही तिघं बसणार, एकेक गाण्याला मार्क देणार. या तुम्ही. तुमचा कान बघू. पसंत पडला तर काउंटर तुमचा.”

मंगळवारी आमच्याकडे विजेची सुट्टीच होती. मी इस्त्रीचा शर्ट घातला. पंडितला धीरासाठी बरोबर घेतला, आणि त्यानं मुंजीला जावं तसं अत्तर लावलं.

दुपारच्या झोपेच्या वेळी सुरतेतली दुकानं शटर अर्धं खाली ओढतात. आम्ही वाकून आत गेलो. आत पिनाकीन नावाचा पोरगा होता, दातांचा डॉक्टर होण्याच्या बेतातला. घारी आणि फरसाण यांवर त्याचा अभ्यास दातांपेक्षा दांडगा दिसत होता. दुसरे सोराबजी, रेडिओ दुरुस्त करणारे पारशी म्हातारे. ते डोळे मिटूनच बसले होते, त्यामुळे दर्दी आहेत की झोपलेत हे शेवटपर्यंत नीट कळलं नाही. प्रत्येकाला कागद-पेन्सिल मिळाली. स्पीकर कपाटाएवढे.

पहिलं गाणं झालं. पिनाकीन म्हणाला, “प्रॉडक्शनमध्ये वयाच्या खुणा दिसतात.” त्याचं स्वतःचं वय बावीस. त्यानं साडेसहा दिले. अर्धा मार्क देणारी माणसं मला पहिल्यापासून आवडत नाहीत. मी सात दिले आणि सिंथेसायझरबद्दल दोन वाक्यं बोललो. भाईदासकाकांनी मान हलवली. माझी खुर्ची आणि पंखा मला दिसायला लागले.

दुसऱ्या गाण्यानंतर माझी भीड चेपली. म्हटलं, तिसऱ्याच्या आधीच सांगून टाकावं. आणि मी उभा राहून सगळी थिअरी मांडली. गिरणी-गाव, चिमणी, लूमवाल्यांची पोरं. मी म्हणालो, “मध्यावर लूम सुरू होतो, तिकडे लक्ष द्या. अख्ख्या कॅसेटचा जीव तिथे आहे.”

सोराबजींनी एक डोळा उघडला.

तिसरं सुरू झालं, मध्यावर आलं, मध्य ओलांडला. लूम आला नाही. मी हात वर करून उभा होतो, लग्नात अक्षता टाकायला उभं राहावं आणि भटजीच मंगलाष्टकं विसरावा तसा. गाणं संपलं.

“आमां लूम क्यां छे?” पिनाकीन म्हणाला आणि इतका हसला, की त्याचेच दात आधी दुरुस्त करायला हवेत हे सगळ्यांनी पाहिलं.

पंडित घाबरून म्हणाला, “आपला लूम कथा गया रे?”

तेव्हा मला कळलं. शहाऐंशीतली ती दुपार. कॉपी करताना तिसऱ्या गाण्याच्या मधोमध वीज आली होती. खालचे चोवीस लूम सुरू झाले होते, त्यातले चार बापाचे, आमच्या खोलीच्या बरोबर खाली. लूमच्या आवाजात जगणाऱ्याला लूम ऐकू येत नाही, तो फक्त गाण्यात आला की ऐकू येतो. नऊ वर्षं आम्ही दहापैकी दहा माझ्या बापाला देत होतो. त्याला आयुष्यात कुठल्याही शेठनं एवढे मार्क दिले नव्हते. मला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली कुठेतरी बापाचा फार अभिमान वाटला. दोन्ही एकदम वाटलं की माणसाचा चेहरा मूर्ख दिसतो, तसा माझा दिसत होता.

काही लपवण्यासारखं उरलंच नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं.

पिनाकीन पुन्हा हसायला लागला, पण भाईदासकाका हसले नाहीत. ते म्हणाले, “अरे, नऊ वर्षं एकच टेप ऐकली आणि बीट कुठे यायला पाहिजे ते सेकंदावर सांगितलं! कान छे हों! आम्ही तर गाणं लावून गप्पा मारतो.” मग पिनाकीनकडे बघत म्हणाले, “काउंटरवर असाच माणूस पाहिजे. कुंदनभाई, पहिल्या तारखेपासून या.”

इतकं सोपं. पंडितनं माझा हात एवढा दाबला की बोटं मोडायची. मी मनात आईला बातमी सांगूनही टाकली. सातव्या गाण्यापर्यंत मी सढळ हातानं मार्क वाटले. पोटभर जेवलेला माणूस वाढायला बसतो ना, तसे. पिनाकीनच्या अर्ध्या मार्कांबद्दलही मला प्रेम वाटायला लागलं.

आठवं, शेवटचं गाणं. आमच्या कॉपीत त्यात लूमच जास्त, त्यामुळे आम्ही ते धड ऐकलेलं नव्हतं. सूर हळूहळू उतरत गेले, आवाज बारीक झाला आणि संपला. छान संपलं. मी आठ लिहिले.

मान वर केली, तर कुणी हलेना. भाईदासकाका डोळे मिटून बसलेले. पिनाकीनसुद्धा गप्प. सोराबजींचं बोट हवेत हलत होतं. मी पंडितकडे पाहिलं. लूमच्या खडखडाटात आम्ही ओठांवरून बोलणं ओळखतो, ती सवय इथेही कामाला आली. तो नुसते ओठ हलवून म्हणाला, “संपनं वाटस.”

मलाही तसंच वाटलं. टेप नुसतीच फिरत होती. नवा माणूस कामाला लागतोय हे मालकाला दिसलेलं बरं, म्हणून मी उठलो आणि चटकन स्टॉपचं बटण दाबलं.

“अरे अरे!” तिघे एकदम ओरडले. भाईदासकाका म्हणाले, “बंध केम कर्युं? हजी तो घंटी वागे छे!”

“कुठली घंटी?” मी विचारलं.

मी विचारायला नको होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी टेप थोडी मागे घेतली आणि पुन्हा लावली. गाणं उतरलं, संपलं. सोराबजींचं बोट पुन्हा हलायला लागलं. मी त्या बोटाकडे बघत राहिलो. माणसाचे ओठ वाचता येतात. घंटीला ओठ नसतात.

“संभळाय छे?” भाईदासकाकांनी स्वतःच्या कानाकडे बोट दाखवून विचारलं. आता ते माझ्याकडे दुकानदारासारखे बघत नव्हते. आजारी माणसाकडे बघतात तसे बघत होते.

हो म्हणता आलं असतं. तोंडात आलंही होतं. पण त्यांनी पुढे किती ठोके विचारले असते तर मी काय सांगणार होतो? मी मान हलवली, नाही.

त्यांनी आवाजाचं बटण फिरवलं. टेप मागे घेतली, पुन्हा लावली. नाही. आणखी फिरवलं. स्पीकरमधून नुसतं सूं सूं यायला लागलं, तेवढं ऐकू येत होतं. आणखी. पिनाकीननं तोंड वाकडं करून कानांवर हात ठेवले. सोराबजी उठून शटरखालून बाहेर गेले. काचेचं कपाट थरथरायला लागलं, शेजारच्या साडीवाल्यानं भिंतीवर धपाधप मारलं, आणि भाईदासकाका स्वतः डोळे घट्ट मिटून ते बटण शेवटपर्यंत फिरवत गेले.

तेव्हा ती ऐकू आली. अगदी लांब, कुणीतरी तापीच्या पलीकडे काचेच्या पेल्यावर नखानं टिचकी मारावी तेवढी. एक. मग बऱ्याच वेळानं दुसरी.

“शे रे शे!” पंडित ओरडला. “घंटी शे!” तो लहान पोरासारखा हसत होता. त्याला अजून काहीच कळलं नव्हतं.

फार सुंदर होती. अख्ख्या कॅसेटमध्ये तेवढं सुंदर काही नव्हतं. मी आठ खोडून दहा लिहिले आणि कागद भाईदासकाकांना दिला. त्यांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला, आमच्यासाठी चहा मागवला आणि नोकरीचं नाव पुन्हा काढलं नाही. मीही काढलं नाही.

घरी आलो तर आई दारातच उभी होती. काय झालं म्हणून तिनं विचारलं. तिचा आवाज मला कितपत ऐकू आला आणि कितपत मी तिच्या ओठांवरून ओळखलं, हे मला पहिल्यांदाच सांगता येईना. आत वडील भिंतीला टेकून बसले होते. माझे ओठ हलायची वाट बघत होते. मी जाऊन त्यांच्याशेजारी भिंतीला टेकून बसलो.