दोनशे दहा किलोमीटर आणि लाजेचे दहा किलो

मी चिमणी बोलतेय. आहे मी नऊ माणसांचं विमान, पण दोन्ही विमानतळांवर मला याच नावाने हाक मारतात. आवाज मोठा आहे माझा, मनावर घेऊ नका.

दूरच्या कारखान्यात जन्मले. अंगावरचा रंग नीट वाळला नव्हता, तोच इथे धाडलं. गेली एकोणीस वर्षं एकच वाट: डोंगराच्या या बाजूचं गाव ते त्या बाजूचं गाव. हवेतून दोनशे दहा किलोमीटर, पन्नास मिनिटं. मोटारीने गेलात तर नऊ तास, आणि घाटात पोट ढवळेल ते वेगळंच.

माणसं वय चोरतात, त्याहून जास्त वजन चोरतात. माझ्यात किती भार चढतोय ते आधी मोजावं लागतं, म्हणून तिकीटखिडकीवरची बाई प्रत्येकाला वजन विचारते. लोक बेधडक आपल्या लग्नातलं वजन सांगतात. आमचे वैमानिक काका पक्के! प्रत्येकाच्या आकड्यात गुपचूप दहा मिळवतात. त्याला ते ‘लाजेचे दहा’ म्हणतात.

एका सकाळी वारा समोरून सुटला. अशा वेळी पन्नासाची पासष्ट मिनिटं होतात, इंधन जास्त घ्यावं लागतं. काकांनी बेरीज केली. “एक जण कमी करा.”

शेवटचं तिकीट एका शिक्षिकेचं होतं. पलीकडच्या गावात बारा वाजता तिच्या आईचं ऑपरेशन. म्हातारी हटून बसलेली, लेक डोळ्यांना दिसल्याशिवाय आत जायची नाही म्हणून.

“आता उद्याच, ताई,” खिडकीवरची बाई म्हणाली.

“काका, काहीतरी करा हो!”

“काय करू? सगळे खोटं सांगतात, म्हणून प्रत्येकी दहा जास्तच धरावे लागतात.”

“मग खरं मोजा की! सामानाचा काटा आहे ना?”

त्या काट्याचा आकडा भिंतीवर लाल दिव्यांत झळकतो, साऱ्या रांगेला दिसतो. कुणी छताकडे बघतंय, कुणी पदर सारखा करतंय.

शेवटी कापडाचे शेठ बूट काढून चढले. वर्षानुवर्षं अठ्ठ्याहत्तर सांगायचे. भिंतीवर आलं एकशे एक.

“शेठ, एवढे दिवस तेवीस किलो ठेवले कुठे होते?” खिडकीवरची बाई म्हणाली.

“बायकोच्या भीतीने लपवले होते. हसा, पण भरभर चढा!”

मग सगळेच चढले. बेरीज मर्यादेपेक्षा सहा किलोंनी जास्त भरली. शेठनी कापडाच्या नमुन्यांची बॅग खाली ठेवली. “नमुने काय, तोंडाने सांगेन.”

उडालो. वाऱ्याने छातीवर रेटून धरलं, मीही हटले नाही. उतरताच शिक्षिका धावत सुटली, पिशवी माझ्यातच राहिली. शेठ ती घेऊन टॅक्सीने दवाखान्यात गेले आणि संध्याकाळी परत आले.

“काय झालं?” काकांनी विचारलं.

“म्हातारीने लेक बघितली आणि नर्सवर ओरडली, ‘चला की, खोळंबा कशाला?’”

“आणि बाहेर आली?”

“आली. शुद्धीवर येताच लेकीला झापलं, शाळा बुडवलीस म्हणून!”

आता ती म्हातारी दर तीन महिन्यांनी एकटी येते लेकीकडे, खिडकीपाशी बसून. डोंगरातून बोगदा खणताहेत, मग मला कोण विचारतंय, असं लोक बोलतात. बोलू देत. परवा वारा पाठीशी होता, बेचाळीस मिनिटांत तिला लेकीपाशी उतरवलं. बोगद्याने करून दाखवावं! तोवर तुम्हीही या. चढताना डोकं तेवढं सांभाळा, दार बुटकं आहे.