एलिसेओच्या नावाच्या थाळ्या

कोंबडीच्या थाळ्या विकून आजारपण फेडायचं असतं, कर्ज नव्हे, हे टेक्सासच्या दक्षिण टोकाला शेंबडं पोरही सांगेल. कुणाचं ऑपरेशन असो की मयत, चर्चच्या आवारात निखारे पेटतात, बायका भात नि राजमा शिजवतात आणि गाव रांग लावून दहा-दहा डॉलरला थाळी घेऊन जातं. पण पोरीच्या कॉलेजच्या कर्जासाठी थाळ्या? नोएलियाच्या चेलोमावशीनेच विषय काढला आणि तिनेच कपाळावर हात मारून घेतला.

"लोक म्हणतील, शिकलीस ना, मग फेड की."

लोकांचं तरी काय चुकलं असतं? नोएलिया कांतू पोषणशास्त्राची पदवी घेऊन आली, तेव्हा तिच्या बापाने, एलिसेओने, काळ्या झग्यातला तिचा फोटो ट्रकच्या काचेला चिकटवला होता. मग कळलं की नुसत्या पदवीला कुणी हिंग लावून विचारत नाही. आहारतज्ज्ञाचा परवाना हवा तर आणखी शिका, वर महिनोन्‌महिने बिनपगारी राबा. त्याला पैसा कुठून आणायचा? शेवटी तिने सरकारी माता-बाल केंद्रात सल्लागाराची नोकरी धरली. पगार असा की संत्र्यांच्या गोदामात खोकी उचलणारा चुलतभाऊ तिला कॉफी पाजायचा, आणि ही मुकाट प्यायची. बँकेचे हप्ते थकले. कर्जाला जामीन एलिसेओ. सोमवारपर्यंत भरले नाहीत तर दावा त्याच्यावर.

"पाटीवर माझं नाव नको टाकूस, मावशी," नोएलिया म्हणाली. "केंद्रातल्या बायका वाचतील. त्यांना रोज शहाणपण शिकवते मी."

"मग कुणाचं टाकू? माझं?"

एलिसेओ तिथेच बसून बूट काढत होता. साखरेचं दुखणं होतं त्याला, पण गडी ठणठणीत, रोज ट्रक हाकायचा. "माझं टाक," तो म्हणाला. "किडनीचं लिही. इथे कुणाच्या घरात किडनीवाला नाही?"

नोएलियाने तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. म्हणाली नाही. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचीच तिला रात्रंदिवस लाज वाटत राहिली.

रविवारी चर्चमधली मिस्साची प्रार्थना संपली आणि रांग लागली. ऊन मी म्हणत होतं, तरी एलिसेओ खुर्चीत गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसलेला. ही अक्कल मावशीची.

"फार हसू नकोस," ती दबक्या आवाजात म्हणाली. "किडनीवाले हसत नाहीत."

"तुझा नवरा किडनीनेच गेला. शेवटपर्यंत हसत होता."

"तो मला हसायचा. ते वेगळं."

पैसे घ्यायला नोएलिया बसली होती. मान वर करायची तिची छाती होत नव्हती. लोक सुटे परत घेत नव्हते, देव बरं करो म्हणत होते. तेवढ्यात समोर यादिरा आली. केंद्रात येणारी, दोन लेकरांची आई. तिच्या घरात महिनाअखेर काय शिजतं ते नोएलियाला पक्कं ठाऊक होतं, कारण यादिराचे कागद तीच भरायची. यादिराने चार थाळ्या घेतल्या, पन्नासाची नोट ठेवली.

"उरलेले राहू द्या, ताई. बाबांच्या औषधाला."

नोएलियाने नोट उचलली. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

"आणि एक सांगायचं होतं," यादिरा लाजत म्हणाली. "मी पण तुमचंच शिकणार. कर्ज मिळतंय. आईला म्हटलं, नोएलियाताईंचं बघ, कशी मानाची नोकरी आहे. आई जामीन राहतेय."

नोएलिया काही बोलणार तोच फादर आले, एलिसेओच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना म्हणू लागले. रांग मोडून लोक भोवती जमले. यादिराही थाळ्या खाली ठेवून, डोळे मिटून हात जोडून उभी राहिली. ते मात्र नोएलियाला बघवेना.

"फादर, थांबा," ती म्हणाली. "बाबांना काही झालेलं नाही. कर्ज माझ्या कॉलेजचं आहे. मला फेडता येत नाही. यादिरा, माझ्या पगारात हप्ते भागत नाहीत गं. तू आईची सही घेऊ नकोस."

आता सगळे आपल्याकडे बघणार, थुंकणार, म्हणून तिने अंग चोरलं. पण तिच्याकडे कुणी बघितलंच नाही. सगळे बघत होते घोंगडीतल्या एलिसेओकडे. फादरांनी हात हळूच काढून घेतला. बापावर हे येईल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. स्वतःच्या लाजेपुढे तिला दुसरं काही दिसलंच नव्हतं.

एलिसेओ उठला. घोंगडीची घडी केली, मेहुणीच्या हातात दिली आणि निखाऱ्यांपाशी जाऊन कोंबडीचे तुकडे उलटायला लागला. सगळ्यांकडे पाठ करून. नोएलिया मागे जाऊन उभी राहिली.

"बाबा."

"मन हलकं झालं तुझं?"

तिने त्याच्या हातातला चिमटा घ्यायला हात पुढे केला.

"बरं झालं," तो म्हणाला. "आता पुढच्या रविवारी चर्चमध्ये मी कुठे बसू, तेवढं सांग. तू शिकलेली आहेस."